३३ पानांचं पत्र

माझ्याकडे वह्या आहेत, २०० पानी लाँगबुक, एकूण सहा. मुलगा सव्वादोन वर्षांचा होता तेव्हा पहिली सुरू केली, आता तो अकरा वर्षांचा आहे. पहिल्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: "झाकण. ४० मि. हाक मारली, बघितलं नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा कान झाकले."

झाकण म्हणजे स्टीलच्या डब्याचं झाकण. तेव्हा आम्ही एका जुन्या भाड्याच्या घरात राहायचो, खाली शहाबादी फरशी होती. तो झाकण काठावर उभं करायचा, दोन बोटांनी असा पीळ द्यायचा की ते भिंगरीसारखं गरगरत राहायचं, मग हळूहळू कलायचं, आणि कलायला लागलं की त्याचा आवाज सुरू व्हायचा, आधी सावकाश, मग वेग वाढत वाढत घर्रर्र आणि मग एकदम गप्प. तो फरशीला कान लावून तो आवाज ऐकायचा. गप्प झालं की परत उचलायचं. मी शेजारी बसून बघायचे, नावानं हाका मारायचे, टाळ्या वाजवायचे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही असायचं त्याला मला आजही आनंदच म्हणावं लागेल, फक्त त्यात मी कुठे नव्हते. म्हणून लिहायला लागले. दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

नंतर दोनेक वर्षांनी, ऑटिझमचं निदान होऊन गेलं होतं, स्पीच थेरपी आणि ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, चकरा चालू होत्या, तेव्हा एका रात्री मोबाईलवर वाचता वाचता मी १९४३ साली छापलेल्या एका लेखापर्यंत पोचले. त्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला डोनाल्ड नावाचा मुलगा होता आणि त्याच्याबद्दल लिहिलं होतं की त्याला ठोकळे, तवे आणि इतर गोल वस्तू गरगर फिरवायचं वेडच लागलंय. मी अंथरुणात उठून बसले. ८० वर्षांपूर्वी, सात समुद्रापलीकडे, कुणीतरी आईबाप स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून तेच बघत होते.

त्या मुलाचं पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म १९३३ चा. वडील बीमन वकील होते, आई मेरीच्या माहेरची गावात बँक होती. मुलाला वर्षाचा असताना कितीतरी गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणता यायच्या, अडीच वर्षांचा व्हायच्या आत बायबलमधलं २३ वं स्तोत्र आणि धर्मशिक्षणाची २५ प्रश्नोत्तरं पाठ होती, पण आई आली काय न् बाप गेला काय त्याला पत्ताच नसायचा. डॉक्टरांनी सल्ला दिला की त्याला जागाबदल हवा, घरापासून लांब ठेवा. म्हणून १९३७ मध्ये, चार वर्षांचाही नसताना, त्याला क्षयरोगाचा धोका असलेल्या मुलांसाठीच्या एका संस्थेत नेऊन ठेवलं. आईबापांना महिन्यातून दोनदा भेटायची परवानगी होती. जवळजवळ वर्षभर तो तिथे राहिला आणि मग १९३८ मध्ये आईबापांनी त्याला घरी परत आणलं, संस्थेच्या प्रमुखांचा विरोध असताना. ते दोघं गाडीत त्याला घेऊन परत येत असतील तेव्हा काय बोलले असतील हे मी कितीदा मनात आणून बघितलंय.

घरी आणल्यावर त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधल्या डॉ. लिओ कॅनर यांची वेळ घेतली आणि वडिलांनी आधी एक पत्र पाठवलं, टाइप केलेलं, ३३ पानांचं. मुलगा काय खातो, काय खात नाही, कशाला घाबरतो, कोणता शब्द कधी बोलला, कसा एकटा असला की सगळ्यात खुश असतो, सगळं. ऑटिझमचा वैद्यकातला इतिहास कुठून सुरू करायचा याची वेगवेगळी उत्तरं आहेत, मी मात्र तो या पत्रापासून धरते, कारण १९४३ चा तो लेख कॅनरचा, त्यात डोनाल्ड ही पहिली केस आहे, आणि तिच्यातला कितीतरी भाग त्या बापाच्या पत्रातून आलेला आहे.

त्या लेखातल्या दोन गोष्टी मला पाठ झाल्यात. एक म्हणजे "हो" ची. डोनाल्डला "हो" म्हणता येत नव्हतं. वडिलांनी सांगितलं की "हो" म्हणालास तर खांद्यावर घेईन. तो म्हणाला, वडिलांनी घेतलं. त्यानंतर कितीतरी महिने "हो" या शब्दाचा त्याच्या लेखी एकच अर्थ राहिला, मला खांद्यावर घे. दुसरी गोष्ट, त्याला आंघोळ हवी असली की तो आईला म्हणायचा, "तुला आंघोळ करायचीय का?" कारण आंघोळीच्या आधी त्याला ऐकू येणारं वाक्य तेच होतं. वाक्य जसं कानावर पडलं तसंच्या तसं, सूर आणि सर्वनामासकट, जपून ठेवलेलं.

आमच्याकडे याचं मराठी रूप आहे. माझा मुलगा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत दारातून आत येताना म्हणायचा, "मी आले!" कारण ऑफिसमधून आल्यावर मी तेच ओरडायचे. "मी जाते हं", "मी दमले बाई". सोसायटीतल्या बायका हसायच्या, मुलगा मुलीसारखं बोलतो म्हणायच्या, एका काकांनी तर गंभीरपणे सांगितलं की याला बापाबरोबर जास्त वेळ ठेवा. मला मात्र ते ऐकलं की पोटात कालवायचं, कारण त्याचा अर्थ असा होता की जेव्हा तो माझ्याकडे वळूनही बघत नव्हता, झाकणाला कान लावून बसला होता, तेव्हाही माझं दारातलं ओरडणं त्याच्या आत शब्द न् शब्द साठत होतं. इंग्रजीत असं मूल तू आणि मी ची अदलाबदल करतं एवढंच दिसतं, मराठीत क्रियापद सुद्धा सांगतं की वाक्य कुणाकडून उचललंय.

कॅनरच्या त्या लेखात ११ मुलं आहेत, ८ मुलगे आणि ३ मुली. शेवटी त्यांनी स्पष्ट लिहिलंय की ही मुलं जन्मतःच अशी आलेली आहेत असं धरावं लागतं, माणसांशी भावनेचा धागा जोडण्याची जी क्षमता इतरांना निसर्गतः असते ती यांच्यात जन्मापासूनच कमी आहे. पण त्याच लेखात, त्याच पानांच्या आसपास, दुसरंही बी पेरून ठेवलंय. या मुलांच्या आईबापांत खरी मायाळू माणसं फार थोडी दिसली असं ते म्हणतात. आणि पुढे म्हणतात की आईबापांनी ठेवलेल्या इतक्या तपशीलवार डायऱ्या, मुलाला २५ प्रश्नोत्तरं येत होती हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवणं, यावरून या आईबापांचा स्वतःचाच झपाटलेपणा दिसून येतो.

हे वाक्य वाचल्यावर मी मोबाईल उलटा ठेवला. ज्या नोंदींवर तुमचा लेख उभा आहे त्याच नोंदी तुम्ही आईबापांविरुद्ध पुरावा म्हणून लावताय. आणि हे मला परकं वाटलं नाही, कारण माझ्या बाबतीत ते होऊन गेलं होतं. निदानाच्या आधी आम्ही ज्या तीन-चार डॉक्टरांकडे फिरलो त्यातल्या एकांना मी वही दाखवली होती. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, मॅडम, हे लिहिण्यात जो वेळ घालवला तो मुलाशी खेळण्यात घालवला असतात तर ही वेळ आली नसती. नवरा शेजारी बसला होता. त्याला काही विचारलं नाही. आम्ही गाडीत बसलो, पार्किंगचे पैसे दिले, आणि सिंहगड रोडला लागेपर्यंत दोघंही काही बोललो नाही. त्या रात्री वहीत नोंद नाही. पुढचे ११ दिवस नोंद नाही.

कॅनरनी नंतर १९४९ मध्ये आणखी एक लेख लिहिला, त्यात ही मुलं जणू डीफ्रॉस्ट न होणाऱ्या फ्रिजमध्ये व्यवस्थित ठेवून दिलेली, अशी उपमा दिली. उपमा फार पसरली. अमेरिकेत "रेफ्रिजरेटर मदर" हा शब्दच पडला, थंड आई, जिच्या थंडपणामुळे मूल आत आत गेलं. शिकागोतल्या एका निवासी शाळेचे प्रमुख ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये यावर जाडजूड पुस्तक काढलं आणि ते खूप खपलं. ते स्वतः नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांत राहून आलेले होते, आणि त्यांनी या मुलांच्या मनाची अवस्था छावणीतल्या कैद्यासारखी मांडली. मग छावणीचा पहारेकरी कोण? मूल नसतं तर बरं झालं असतं ही आईबापांची इच्छा हेच मूळ कारण असं त्यांनी लिहिलं. उपाय काय, तर मूल आईबापांपासून लांब ठेवा. म्हणजे १९३७ मध्ये डोनाल्डच्या आईला जे सांगितलं होतं तेच परत, आता शास्त्राचा शिक्का मारून. विचार करा, एक पूर्ण पिढी, वीस-पंचवीस वर्षं, आया डॉक्टरसमोर बसल्या आणि मुलाबद्दल विचारायच्या ऐवजी त्यांना त्यांच्या बालपणाबद्दल, लग्नाबद्दल, मूल हवं होतं का याबद्दल विचारलं गेलं. आणि त्यातल्या कितीजणींनी ते खरं मानलं असेल. मी मानलं होतं, ११ दिवस.

आमच्या घरात या शास्त्राची गरजच नव्हती म्हणा, आमच्याकडे ग्रहण होतं.

माझी आजी, आईची आई, कराडकडची, आता नव्वदीला आलीये. तिचा एक धाकटा भाऊ होता, सगळे त्याला बापू म्हणायचे. माझ्या जन्माआधीच गेला. लहानपणी त्याचा विषय निघाला की मोठी माणसं "तो जरा असाच होता" म्हणून पुढे जायची. मुलाचं निदान झाल्यावर आईनं आजीला फोनवर कसंबसं समजावलं, तर आजी एवढंच म्हणाली, म्हणजे बापूगत का? मग मी गेले की तिच्याजवळ बसून विचारत राहायला लागले. बापू भाकरी मोडलेली असली तर खायचा नाही, अख्खीच लागायची. लग्नकार्यात माणसं जमली की कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसायचा. कुणी अंगाला हात लावला तर अंगावर काटा आल्यासारखं करायचा, पण घोंगडं मात्र एकच, तेच, फाटलं तरी तेच. बोलायचा फार कमी. "येडा नव्हता गं तो," आजी म्हणाली, "घुमा हुता."

घुमा, मुखदुर्बळ, एककल्ली, तऱ्हेवाईक, खुळा, अर्धवट, देवाघरचं लेकरू. आपल्या भाषेत किती शब्द होते बघा, निदान नव्हतं तेव्हा. काही प्रेमाचे, काही दगडासारखे. मी बापूला आज ऑटिस्टिक ठरवायला बसलेली नाही, आजीच्या आठवणीवरून तसं करताही येणार नाही. पण ही माणसं १९४३ मध्ये बाल्टिमोरला जन्माला आली असं कुणी म्हणू नये एवढंच. आणि ते घुमा म्हणून गोड मानून घ्यायचे असंही नाही. बापूला भगताकडे नेलं होतं, अंगारा लावून झाला, धूर देऊन झाला, एकदा तर बोलता करायचा म्हणून बांधून मारलं होतं. हे सांगताना आजी पदराच्या टोकाशी खेळत बसली. आणि कारण? "आईनं गिराण पाळलं न्हाई. पोटुशी असताना गिराणात विळीवर बसली, असं म्हनायची समदी." माझी पणजी मरेपर्यंत हे ऐकत राहिली. ती तिकडे विळीसाठी, शिकागोतली बाई थंडपणासाठी, मी वहीसाठी.

या सगळ्यात आणखी दोन डॉक्टर येतात. पहिल्या मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा. कॅनरच्या जवळजवळ दोन दशकं आधी, १९२५ मध्ये, त्यांनी सहा मुलग्यांचं वर्णन छापलं, आणि ते आज वाचलं तर कुठल्याही डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनच्या रिपोर्टसारखं वाटतं, आवाजाचा त्रास, वासाचा त्रास, एकटेपणाची ओढ, एकाच विषयाचा ध्यास. पुढच्या वर्षी जर्मनमध्येही आलं. इंग्रजीत यायला १९९६ उजाडलं. बाई, ज्यू, सोव्हिएत रशियातली, इतकी वर्षं कुणी नाव घेतलं नाही.

दुसरे व्हिएन्नाचे हान्स अ‍ॅस्पर्गर. त्यांचा चार मुलग्यांवरचा लेख १९४४ चा, त्यांच्या नावानं पुढे सिंड्रोम आला, मी स्वतः निदानानंतरच्या वर्षात कितीतरी जणांना "अ‍ॅस्पर्गर असेल, हुशार असतात ती मुलं" असं म्हणताना ऐकलं आणि मलाही त्याचा आधार वाटायचा. मग २०१८ मध्ये हेर्विग चेक या इतिहासकारांचं संशोधन आलं, जुनी कागदपत्रं काढून केलेलं. व्हिएन्नात आम श्पीगलग्रुंड नावाची संस्था होती, नाझी काळात तिथे जवळपास ८०० मुलं मेली, कितीतरी मारली गेली. अ‍ॅस्पर्गरनी काही मुलांना तिथे पाठवायची शिफारस केली होती. त्यातली एक मुलगी जेमतेम तीन वर्षांची, मेंदूच्या आजारातून उठलेली, ऑटिझमचा संबंध नाही. शिफारशीत लिहिलंय की या मुलीचा आईवर असह्य भार पडत असणार, तिला आणखी पाच निरोगी मुलं सांभाळायची आहेत, तेव्हा श्पीगलग्रुंडला कायमचं ठेवणं अत्यंत गरजेचं आहे. दोन-अडीच महिन्यांत ती गेली. इथेही आईच पुढे केलेली, बघा. तिच्या काळजीच्या नावावर. मी तो भाग वाचला त्या दिवशी मुलाला शाळेतून आणायला अर्धा तास आधीच जाऊन गेटपाशी उभी राहिले होते.

आणि शब्दाचं म्हणाल तर तो ऑटिझमसाठी बनलाच नव्हता. ओयगेन ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९१० च्या सुमारास तो स्किझोफ्रेनिया झालेल्या मोठ्या माणसांसाठी काढला, ग्रीक "ऑटोस" म्हणजे स्वतः, बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत गेलेला. कॅनरनी तो उचलला. आपण त्याचं मराठी केलं स्वमग्न. मला हा शब्द ऐकायला आवडतो, मग्न हा आपला सुंदर शब्द आहे, माणूस भजनात मग्न असतो, रांगोळी काढताना मग्न असतो. पण "स्व" मला पटत नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न नव्हता, तो झाकणात होता, फरशीत होता, त्या आवाजात होता, आमच्यापेक्षा जास्त जगात होता. आपण मात्र त्याला बघून म्हणालो, हा स्वतःत आहे. अमेरिकन डॉक्टरांच्या अधिकृत पुस्तकात तर १९८० पर्यंत ऑटिझमला वेगळी जागाच नव्हती, ही मुलं बालपणीच्या स्किझोफ्रेनियाच्या खात्यात जायची.

हे बदललं कुणी, तर पुन्हा आईबापांनी. म्हणजे जे आईबाप योगायोगानं संशोधकही होते त्यांनी. बर्नार्ड रिमलंड अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, मुलाचं नाव मार्क. बायकोला थंड आई म्हणतात हे त्यांना मान्य नव्हतं, त्यांनी सापडेल ते सगळं वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं की याचं मूळ मेंदूत आहे, आईच्या वागण्यात नाही. प्रस्तावना कॅनरची. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी आईबापांनी भरायची एक प्रश्नावली छापली होती, आणि लोक ती भरून त्यांना पोस्टानं पाठवायला लागले, गठ्ठेच्या गठ्ठे. पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, तुम्ही बघितलंय ना, मग सांगा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला तिच्या सभेत म्हातारे कॅनर आले आणि म्हणाले की मी तुम्हाला आईबाप म्हणून दोषमुक्त करतो. सभागृह उभं राहिलं म्हणतात. मला ते वाचून आनंद झाला आणि रागही आला, कारण त्यात बसलेल्या बायकांनी गुन्हा केलाच नव्हता, सुटका कसली.

१९७७ मध्ये लंडनमध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नाही. केवढीशी संख्या, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवायला पुरली. आणि लॉर्ना विंग, त्याही लंडनच्या, मानसोपचारतज्ज्ञ आणि सूझी नावाच्या ऑटिस्टिक मुलीच्या आई. त्यांनी आणि ज्युडिथ गूल्ड यांनी कॅम्बरवेल भागातली मुलं शोधून, भेटून, १९७९ मध्ये दाखवलं की कॅनरच्या व्याख्येत बसणारी थोडी आणि तिच्या आजूबाजूची, थोडी अशी थोडी तशी, कितीतरी जास्त आहेत. आपण आज स्पेक्ट्रम म्हणतो ते त्यांच्यामुळे. क्लिनिकमध्ये खुर्चीत बसून वाट बघितली की फक्त पोचू शकणारे दिसतात. कॅनरकडची मुलं बहुतेक शिकल्यासवरल्या घरची का होती याचं साधं उत्तरही तेच असावं, बाल्टिमोरपर्यंत जायला पैसा आणि ३३ पानं लिहायला टाइपरायटर लागतो. माझ्या पणजीकडे दोन्ही नव्हतं.

म्हणून मला आता "पूर्वी नव्हतं हो हे असलं काही, आत्ताच कुठून आलं" या वाक्याचा त्रास होतो, आणि ते वाक्य जवळजवळ नेहमी माझ्याकडे बघून म्हटलेलं असतं. पूर्वी नव्हतं म्हणजे आत्ता तुम्ही काहीतरी केलंत. लस दिलीत. (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारं ते १९९८ चं संशोधन १२ मुलांवरचं होतं, २०१० मध्ये मासिकानं मागे घेतलं, लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं, तरी आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवी आई रात्री साडेअकराला विचारतेच, एमएमआर दिली म्हणून झालं असेल का हो ताई.) मोबाईल दिलात. पाळणाघरात ठेवलंत. नोकरी सोडली नाहीत. मुलाच्या बापाला यातलं एकही वाक्य आजवर कुणी ऐकवलेलं नाही.

आपल्याकडे कायद्यानंही उशीरच केला. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात नाव आलं, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांत पूर्ण हक्कानं आलं. आमच्या मुलाचं सर्टिफिकेट त्यानंतरचं. त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या मुलाची एक आई आमच्या थेरपी सेंटरमध्ये यायची, तिच्याकडे मुलाचं जुनं सर्टिफिकेट होतं, त्यावर मतिमंद लिहिलेलं. दुसरा रकानाच नव्हता. ती म्हणायची, मी ते फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवते.

डोनाल्डचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १९४२ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याला गावापासून दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. मूलबाळ नसलेली साधी माणसं. १९४५ मध्ये कॅनर तिथे भेटायला गेले आणि त्यांनी जे बघितलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं उपचारतंत्र वाटतं. डोनाल्डला मापायचं वेड होतं, तर त्या जोडप्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला लावलं. आकड्यांचं वेड होतं, मक्याच्या ओळी परत परत मोजत बसायचा, तर सांगितलं की नांगरता नांगरता मोज. कॅनरसमोर त्यानं सहा लांब ओळी नांगरल्या, घोडा वळवला, नांगर नीट धरला. मोजणं कुणी बंद केलं नाही, त्याच्या हातात नांगर दिला.

पुढे तो कॉलेजला गेला, १९५८ मध्ये पदवी घेतली, घरच्या बँकेत काम केलं, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला, रोज गोल्फ खेळला, एकट्यानं जगभर हिंडला. त्याच्याकडे पैसा होता आणि गोरा होता, हे विसरून चालणार नाही. पण गावही होतं. दोन पत्रकार त्याला शोधत फॉरेस्टला गेले तेव्हा लोकांनी त्यांना बजावलं होतं, डॉनला त्रास झाला तर तुम्ही कुठे सापडाल ते आम्हाला माहितीये. जून २०२३ मध्ये, ८९ वर्षांचा होऊन, तो गेला.

नांगराचा तो भाग मी आजीला वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "बापू रातचं दारं धरायला जायचा." उसाला पाणी द्यायचं काम. लाईट रात्रीची, बाकी पोरं कुरकुर करायची, बापू मात्र एकटा जायचा, त्याला आवडायचं. अंधारात एक सरी भरली की दारं मोडून दुसरीत पाणी सोडायचं, आणि सकाळी विचारलं तर किती सऱ्या भिजल्या, कुठली अर्धी राहिली, सगळं सांगायचा, आकड्यात. एरवी दिवसभर तोंड उघडायचा नाही, पण हे सांगायचा. "मग बरा असायचा बघ त्या दिवशी," आजी म्हणाली. तिला हे साठ-सत्तर वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर रात्री सहावी वही काढली, एक कोरं पान सोडलं आणि त्याच्यापुढच्या पानावर वर "बापू" लिहिलं. तारीख टाकता येईना. भाकरी मोडलेली चालत नसे. घोंगडं एकच. माणसं जमली की कडब्यामागे. रात्री दारं धरायचा, सऱ्या मोजायचा, सकाळी सांगायचा. आणखी एक ओळ लिहिणार होते तेवढ्यात मुलगा आला, माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, पानाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"तुला झोप आलीये का?" तो म्हणाला.

हो म्हटलं, आलीये, आणि पांघरूण घालायला उठले.